मण्यांची बाटली

९ फेब्रुवारी

वन्सं,

खुशाली शेवटी लिहीन, आधी हे वाचा. काल मावशीनं तुमच्या दादांना शिंगावर घेतलं.

आपली मावशी, वन्सं! गेल्या वर्षी आला होतात तेव्हा जिच्या पाठीला टेकून तुम्ही चहा प्यायलात, ती गाय. अकरा वर्षांत तिनं कुणाला शेपटीचा फटका मारलेला मी पाहिला नाही. तीन दिवसांपासून तिनं वैरणीला तोंड लावलेलं नाही. रवंथ बंद, शेण कोरडंठक्क. हे जवळ गेले, नेहमीसारखा कपाळ खाजवायला हात पुढे केला, आणि ती डोळे फिरवून अंगावर आली. हे कुंपणावर फेकले गेले. बरगडीला मुका मार आहे, मोडलेलं काही नाही. पण मी मारलेली किंकाळी अजून माझ्याच कानांत बसलीय. आणि पुढचं ऐका, पाच पावलं जाते न जाते तोच ती गुडघ्यांवर बसली. अशी धापा टाकत होती, की डोंगर चढून आलीय असं वाटावं.

मी तिचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या पांढऱ्याफटक. डोळ्यांच्या कडा पिवळ्या. ह्या जनावराच्या अंगात रक्त उरलंय की नाही, असं वाटलं.

आज आणखी आठ-नऊजणी तशाच उभ्या आहेत, माना खाली घालून.

ऑक्टोबरात वरच्या माळावरून इथं ओढ्याकाठी आलो तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले होते, की आमचं नशीब उघडलं म्हणून. वरचा झरा आटला होता, इथं गुडघाभर गवत. अडतीस गाई आणि नऊ वासरं, सगळ्यांची पोटं टम्म. गोचीड तेवढे फार. वर आम्ही गोचीड कधी पाहिलाही नव्हता. इथं गाईच्या कानामागे हात घातला तर मूठभर निघतात. पण त्यानं काय होतं, रक्त पितात आणि गळून पडतात, असं मला वाटायचं.

तुम्ही त्या लशीच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढलीत, म्हणून तुम्हाला विचारते. हे काय आहे? दूध केंद्रावरचा फोन महिनाभर मेलेला आहे, तेव्हा पत्रच लिहा. गुरांचा दवाखाना सहा किलोमीटरवर. उद्या मावशीला हळूहळू चालवत तिकडे न्यावं म्हणतो.

हे कालपासून एक शब्द बोललेले नाहीत. मार लागल्यामुळे असेल म्हणून मीही गप्प आहे, आणि मी गप्प राहणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे.

खुशाली लिहिण्यासारखी नाही.

तुमची
वहिनी


१३ फेब्रुवारी

वहिनी,

तिला चालवू नका! एक पाऊलही नाही. तुझं पत्र आत्ता हातात पडलं आणि मी उभ्यानंच वाचलं. केंद्रावर फोन लावून पाहिला, घंटाही वाजत नाही. पत्र पोचायला चार दिवस गेले, म्हणजे मी जे थांबवायला लिहितेय ते कदाचित होऊनही गेलं असेल.

तू लिहिलेली लक्षणं मी झोपेतही ओळखीन. गोचिडातून जाणारा एक जिवाणू असतो. तो रक्ताच्या तांबड्या पेशींत शिरून बसतो आणि मग गाईचं शरीर स्वतःच त्या पेशी मोडीत काढू लागतं. दहा-पंधरा दिवसांत रक्ताचं पाणी होतं. मेंदूला हवा पुरत नाही, म्हणून मवाळातली मवाळ गाय पिसाळल्यासारखी अंगावर येते. मावशीनं दादाला मारलं नाही गं, तिला तो दिसलाच नसेल. अशा गाईला चालवलं, पळवलं, की ती जागच्या जागी कोसळते.

तुमच्याच गाईंना का, असं तू विचारशील. ओढ्याकाठी जन्मलेल्या वासराला हा रोग वर्षाच्या आत होतो. दोन दिवस अंग तापतं, मग जन्मभर अभय. तुमच्या गाई वरच्या. त्यांनी हा जिवाणू आयुष्यात पाहिलेला नाही. मोठेपणी पहिल्यांदा गाठला की तो सोडत नाही.

आमची लस त्याच जिवाणूच्या एका मवाळ भावंडाची आहे, जिवंत. ती वासरांना द्यायची असते. मोठ्या दुभत्या गाईला देताना आम्ही दहादा विचार करतो. आजारी गाईला तर तिचा काडीचाही उपयोग नाही. डॉक्टरांनाच गोठ्यावर बोलव. टेट्रासायक्लिन लवकर टोचलं तर काही वाचतील.

आणि मला दोन गोष्टी हव्यात. प्रत्येक आजारी गाईच्या कानाच्या टोकाचं थेंबभर रक्त काचपट्टीवर पसरून, वाळवून पाठवा, डॉक्टरांना जमतं ते. आणि यादी कर: कोण कुठल्या दिवशी आजारी पडली, कोण अजून धड आहे.

दादाचं मला नोव्हेंबरनंतर पत्र नाही. रागावलाय का माझ्यावर?

तुझी
नणंद


१७ फेब्रुवारी

वन्सं,

मावशी दहा तारखेलाच गेली. दवाखान्याच्या रस्त्यावर, अर्ध्या वाटेत. ह्यांच्या हातात दोर होता. ती थांबली, ह्यांनी नुसता 'चल गं' म्हणून दोर ओढला, आणि भिंत पडावी तशी पडली. आता तुमचं पत्र वाचून ह्यांना काय सांगू? मी सांगितलंच नाही. पत्र पिठाच्या डब्यात ठेवलंय.

आजपर्यंत नऊ गेल्या. गोठ्यात उभं राहिलं की जिकडे पाहावं तिकडे मोकळे खुंटे. सवयीनं मी सकाळी अडतीस घमेली भरली आणि मग तिथंच खाली बसले.

डॉक्टर रोज येतात, भले माणूस आहेत, इंजेक्शनं देतात. पण ज्या खाली बसल्या त्या उठत नाहीत. तेही म्हणाले, गोचीड. यादी सोबत आहे. सहा तारखेला पहिली पडली, चौदाला शेवटची. नऊ दिवसांत एकतीस गाई, वन्सं! रोज तीन-तीन, चार-चार, कुणीतरी हजेरी घ्यावी तशा. मागच्या पडवीतल्या सात गाभण गाई तेवढ्या ठणठणीत आहेत. चरायला सगळ्यांबरोबरच जातात, गोचीड त्यांनाही तेवढेच, तरी त्यांच्या केसालाही धक्का नाही. वासरांना थोडा ताप आला आणि गेला, तुम्ही म्हणालात तसंच.

काचपट्ट्या डॉक्टरांनी तुमच्याकडच्याच गाडीबरोबर पाठवल्यात. आठवड्याला ती गाडी दवाखान्यात येते म्हणे.

रडून रडून डोकं दुखतंय, म्हणून तुम्हाला एक वेगळंच सांगते. माझी ती निळ्या काचमण्यांची माळ आठवते? जानेवारीपासून सापडत नव्हती, मी घर उलटंपालटं केलं. पाच तारखेला गोठ्यातलं औषधांचं कपाट आवरताना सलाईनची एक रिकामी बाटली दिसली, आणि तिच्यात माझे मणी! सगळ्यांना काहीतरी लालसर चिकट लागलेलं, तळाशी तर ओलंच. मी ह्यांना विचारलं, हे काय? तर म्हणाले, औषध घुसळायला घेतले होते. आता बायकोची माळ तोडून औषध घुसळणारा नवरा पाहिलाय कुठे? त्या दिवशी खूप भांडले. आता वाटतं, कशाला भांडले. दुसऱ्याच दिवशी पहिली गाय पडली.

तुमचे दादा जेवत नाहीत. रोज संध्याकाळी ओढ्यापलीकडे तोंड करून बांधावर बसतात.

वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र आमच्या गाडीवाल्याच्या हाती देतेय. तो उद्या सकाळी निघून परवा तुझ्या दारात उभा राहील. तुझं उत्तर घेतल्याशिवाय त्यानं परत फिरायचं नाही असं त्याला बजावलंय. हे पत्र एकटीनं वाच. खाली बसून वाच.

काचपट्ट्या मी स्वतः पाहिल्या. तांबड्या पेशींच्या काठावर टाचणीच्या टोकाएवढे गडद ठिपके, सगळ्या पट्ट्यांवर. रोग तोच. पण तुझी यादी शेजारी ठेवली आणि तारखा तीनदा मोजल्या.

गोचीड यादी करून चावत नाही, वहिनी. गोचिडातून हा रोग आला तर आज एक गाय पडते, पंधरा दिवसांनी दुसरी, महिन्यानं तिसरी. नऊ दिवसांत एकतीस पडल्या म्हणजे त्या एकतीसजणींच्या अंगात तो एकाच दिवशी गेलाय. आणि त्याच कुरणात चरणाऱ्या सातजणींच्या अंगात गेलाच नाही. गाभण गाईला सुई टोचू नये, एवढं दादाला ठाऊक आहे.

आणि तुझे मणी. ते औषध घुसळायला नव्हते. अंगातून काढलेलं रक्त घट्ट गोठू नये म्हणून आम्ही ते काचेच्या मण्यांत हलवतो.

हे त्यानं इथंच पाहिलं. मीच दाखवलं. गेल्या वर्षी तो मला भेटायला आला होता. बाहेरच्या माणसाला ज्या खोलीत नेऊ नये तिथं मी त्याला नेलं, कारण मला मिरवायचं होतं. मोठा भाऊ, आयुष्यात पहिल्यांदा माझं काम बघत होता. सूक्ष्मदर्शकात डोळा लावून 'अगं, दिसतंय की!' म्हणाला. मी म्हटलं, "दादा, एवढा बाऊ करतात लोक, पण लस म्हणजे दुसरं काय, वासराच्या अंगातलं रक्तच!" माझे शब्द आहेत हे. ते वासरू कसं निवडतात, त्याच्यात दुसरा कुठला रोग नाही ना हे किती दिवस तपासतात, जिवाणू मवाळच आहे ह्याची खात्री कशी करतात, ह्यातलं मी काहीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझी गंमत कमी झाली असती.

अजून एक, जे मी मागच्या पत्रात लपवलं. नोव्हेंबरात त्यानं मला लिहिलं होतं, 'खाली आलोय, गोचीड फार आहेत, तुझी ती लस पाठव.' दुभत्या गाईंना ती देता येत नाही, आणि वासरांसाठीची यादी मेपर्यंत भरलेली. हे दोन ओळींत लिहायला हवं होतं. त्या आठवड्यात काम अंगावर आलं होतं. मी पाकिटात छापील अर्ज घातला आणि पाठवला.

म्हणून त्यानं घरीच लस केली. कुणाच्या रक्ताची ते तोच सांगेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा रोग अंगात शिरल्यापासून दिसायला तीन-चार आठवडे लागतात; तारखा मोजल्या तर त्यानं दहा जानेवारीच्या आसपास टोचलं. तेव्हाचं रक्त पाच फेब्रुवारीला बाटलीच्या तळाशी ओलं राहत नाही. म्हणजे त्यानं दुसऱ्यांदा रक्त काढलं, अगदी अलीकडे. तुमच्या गाईंना तर आधीच देऊन झालं होतं.

मग हे दुसरं कुणासाठी? आत्ताच्या आत्ता विचार. त्या गाई अजून उभ्या असतील.

नणंद


२२ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचा गाडीवाला ओसरीवर चहा पितोय, तो संपायच्या आत लिहितेय, अक्षर लावून वाचा.

हे गव्हाणीची फळी ठोकत होते. मी जाऊन समोर उभी राहिले.

"अहो, सलाईनच्या बाटलीत काय होतं?"

हातोडी थांबली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातलं पत्र पाहिलं, अक्षर ओळखलं.

"रक्त," म्हणाले.

"कुणाचं?"

"म्हातारीचं."

म्हातारी म्हणजे ह्या जमिनीबरोबर मिळालेली गाय. जुन्या मालकानं सोडून दिलेली, इथंच जन्मलेली, चौदा वर्षांची. ह्यांनी हिशेब केला: ही एवढी वर्षं ह्याच गोचिडांत जगली, म्हणजे जे काही लागतं ते हिच्या रक्तात असणार. सलाईनच्या नळीनं बाटलीभर काढलं, माझे मणी घालून हलवलं, आणि एकाच सुईनं एकतीस गाई आणि नऊ वासरं टोचली. मी त्या दिवशी बाजाराला गेले होते.

"मला विचारायचं तरी!" मी ओरडले.

"तू तिला लिहिलं असतंस. आणि तिनं पुन्हा अर्ज पाठवला असता. छापील अर्ज, सख्ख्या बहिणीनं! माझं नावसुद्धा हातानं लिहिलं नव्हतं त्यावर."

हे मला आज कळतंय, वन्सं. तुम्ही पत्रात कबूल केलंत म्हणून आत्ता ओरडत नाही. पण ओरडणार आहे, नंतर, निवांत.

मग मी विचारलं, "दुसऱ्यांदा काढलंत ते कुणासाठी?"

ह्यांनी हातोडी खाली ठेवली, फळीवर बसले, आणि ओढ्यापलीकडे बोट केलं.

पलीकडे मास्तरीणबाई राहतात. शाळेतून निवृत्त झाल्या आणि सव्वीस गाई घेऊन, आमच्यासारख्याच, ऑक्टोबरात वरून खाली आल्या. एकट्या असतात. जानेवारी संपेपर्यंत आमच्या गाईंना काहीच झालं नव्हतं. ह्यांची छाती फुगलेली. 'तीन आठवडे झाले, एकीलाही साधी शिंक नाही,' असं ह्यांनीच त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग मलाही द्या. तीन फेब्रुवारीला ह्यांनी म्हातारीचं पुन्हा रक्त काढलं आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या सव्वीसच्या सव्वीस गाई टोचून आले.

आणि सहा तारखेला आमची पहिली पडली.

"तुम्हाला तेव्हाच कळलं?" मी विचारलं.

"मावशी अंगावर आली तेव्हा कळलं."

"मग आज बावीस तारीख आहे!"

"रोज म्हणायचो, उद्या सांगू. रोज संध्याकाळी बांधावर बसून तिच्या गोठ्याकडे कान लावायचो." आणि मग, वन्सं, हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाटलं, तिच्याही पडल्या तर डॉक्टर म्हणतील, गोचीड."

चोवीस वर्षं ह्या माणसाच्या ताटाशेजारी ताट मांडतेय. पाखराचं अंडं नांगराखाली येईल म्हणून बैल थांबवणारा माणूस. त्याच्या तोंडून हे वाक्य निघालं आणि मला वाटलं, कुणीतरी परकाच फळीवर बसलाय. मी काय बोलले ते आठवत नाही. एवढंच आठवतं, की मी ह्यांचं मनगट धरलं आणि ओढा पाण्यातूनच ओलांडला, चपलांसकट.

मास्तरीणबाई दुधाचे कॅन विसळत होत्या. ह्यांनी उभ्यानं सगळं सांगितलं, काही गाळलं नाही, तेवढं खरं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "तुम्हाला कळलं कुठल्या तारखेला?"

"आठ."

त्यांनी कॅन पालथा घातला, आत गेल्या आणि दार लावलं. आम्ही उभेच. किती वेळ कोण जाणे. दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात वही आणि पेन होतं. डोळे लाल, पण आवाज शाळेत असावा तसा सरळ. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या नणंदेला विचारा, मी काय काय करायचं. एकेक करून लिहून घेते. आणि ह्यांना म्हणावं, फाटकाबाहेर उभं राहा."

हे फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. अजून तिथंच आहेत.

वन्सं, सव्वीस गाई. त्यांच्याकडे दुसरं काही नाही. सांगा, काय करायचं?

वहिनी


१९ मार्च

वहिनी,

परत येऊन आठवडा झाला, तरी अजून कपड्यांना गोठ्याचा वास येतो. मला तो धुवावासा वाटत नाही.

तुझं पत्र वाचल्यावर उत्तर लिहीत बसले असते तर माझी मलाच लाज वाटली असती. म्हणून औषधांची खोकी घेऊन त्याच गाडीत बसले. पण त्या दिवसांत आपण धड बोललोच कुठे? सकाळ-संध्याकाळ सव्वीस गाईंचा ताप बघायचा, मास्तरीणबाईंनी वहीत आकडा लिहायचा, आणि जिचा चढला तिला त्याच दिवशी टोचायचं. एवढंच. सत्तावीस तारखेला सकाळी एकदम पाचजणींचा ताप चढला तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मी तुला 'होईल ठीक' म्हटलं, ते खोटं होतं. मला काहीच माहीत नव्हतं. चोवीस वाचल्या. गेलेल्या दोघींचा ताप चढला तेव्हा आपण इतर पाच टोचत होतो. तेवढा उशीर त्यांना पुरला.

दादा रोज फाटकापर्यंत पाण्याच्या बादल्या आणून ठेवायचा आणि परत जायचा. त्यानं मला 'चहा घे' म्हटलं नाही. मीही त्याला 'चुकलं माझं' म्हटलं नाही. गाडी सुटली तेव्हा तो वैरण कापत होता आणि मान वर केली नाही.

मी वरिष्ठांना सगळं लेखी दिलंय. त्या खोलीत त्याला नेलं ते, आणि अर्जाचंही. माझ्याकडची त्या खोलीची किल्ली काढून घेतलीय. बरोबरच केलं त्यांनी. पण एक मागितलं होतं ते त्यांनी मान्य केलं: आता ज्याला नाही म्हणायचं त्याला का नाही, हे हातानं लिहून जातं. ते काम माझ्याकडे आहे. रोज दहा-बारा पत्रं लिहिते.

आता खरी गोष्ट. येताना तुमच्या वासरांचं रक्त आणलं होतं. तपासलं. नऊच्या नऊ वासरं आता जन्मभर सुरक्षित आहेत. तुमच्या वाचलेल्या चौदा गाई आणि मास्तरीणबाईंच्या चोवीस, त्याही. म्हणजे वासरांपुरती दादाची कल्पना खरी निघाली. आपल्या लशीचं मूळही काही वेगळं नाही. फक्त म्हातारीच्या रक्तात मवाळ भावंड नव्हतं, खुद्द तोच होता. शिवाय त्या रक्तातून दुसरं काय काय गेलं असतं, ते केवळ नशिबानं गेलं नाही.

मला भीती वाटते ती ह्याची, की ही बातमी बाहेर पडेल अर्धीच. वासरं वाचली, एवढीच. आणि लोक म्हातारीला शोधत येतील.

दादाला हे सांगायचं की नाही, तू ठरव. ऐकून त्याला बरं वाटेल की तो आणखी खचेल, मला कळत नाही. मला तो पूर्वी कळायचा.

नणंद


७ मे

वन्सं,

तुम्ही म्हणालात तस्संच झालं. महिनाभरात तिघं येऊन गेले. एकजण तर रिकामी बाटली घेऊनच आला होता! मी त्यांना दारातूनच पिटाळलं, पण ह्यांना काही सांगितलं नव्हतं. तुमचं पत्र वाचून दाखवायचा मला धीरच होत नव्हता. शेवटी गेल्या आठवड्यात वाचलं. हे ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मला अर्धंच कळलं होतं." आणि उठून म्हातारीला पाणी पाजायला गेले. एवढंच. मला वाटलं, झालं, आता पुन्हा महिनाभर मौन.

काल तुमच्याकडची लस आली. दूध केंद्राच्या अंगणात डॉक्टरांनी लस गोठवून ठेवलेली टाकी उघडली, पांढऱ्या वाफेचे लोट बाहेर आले आणि लोक दोन पावलं मागे सरले. गाभण होत्या त्या सातजणींची सात वासरं मी घेऊन गेले होते. आजूबाजूचेही आले होते, पन्नासएक वासरं असतील. पण पुढे कुणी होईना. कुजबुज सुरू. मग तो बाटलीवाला मोठ्यानंच म्हणाला, "ही बर्फातली कशाला? ह्यांची वासरं घरच्या रक्तावर जगलीच की! नऊच्या नऊ!" सगळे हो हो म्हणू लागले. डॉक्टर समजावत होते, पण त्यांचं कोण ऐकतं?

हे मागे, भिंतीपाशी उभे होते. फेब्रुवारीपासून ह्यांनी चार माणसांत तोंड उघडलेलं नाही. पुढे आले. टाकीशेजारी उभे राहिले.

"वासरं जगली," म्हणाले. "गाई मेल्या. मी मारल्या. सतरा."

बाटलीवाला म्हणाला, "सतरा काय, गोचिडांच्या साथीत चाळीस-चाळीस जातात."

तेव्हा गर्दीतून मास्तरीणबाईंचा आवाज आला. त्या दिवसापासून त्या ह्यांच्याशी बोललेल्या नव्हत्या, आणि कालही ह्यांच्याकडे बघत नव्हत्या. म्हणाल्या, "आकडा सांगू नका. आकडा कुणाच्या लक्षात राहत नाही."

मग हे जमिनीकडे बघत सांगू लागले. मावशी. ठुमकी. काजळी. भित्री. लांबकानी. वकीलीण. सोनसळी. बुटकी. धाकटी काजळी. खोडकर. गोरटी. मुकी. तिची बहीण बोलकी. कपाळी. झिपरी. उशिरा. मी प्रत्येक नावाला मनात खुंटा बघत होते. सोळा झाल्यावर हे थांबले. "सतरावी ऑक्टोबरात घेतली होती," म्हणाले, "तिचं नाव ठेवायचंच राहिलं होतं."

मला वाटलं, संपलं. पण ह्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "आणि बाईंच्या दोन. शाई आणि खडू."

वन्सं, ही नावं ह्यांना ठाऊक होती हे मलाही ठाऊक नव्हतं. कधी विचारली, कुणाला विचारली, देव जाणे.

बाटलीवाल्यानं बाटली पिशवीत घातली. अंगणात कुणी हलेना. मग मास्तरीणबाई आपली तांबडी कालवड ओढत पुढे आल्या. कालवड आडमुठी, टाकीची वाफ बघून मागेच रेटत होती. बाईंनी तिचा दोर ह्यांच्यासमोर धरला.

"धरा," म्हणाल्या.

ह्यांनी धरला.

तुमची
वहिनी